घरी करायचे पेड वर्कआउट आणि पोर्शन कंट्रोलचे प्रोग्राम पैसे देऊन घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की वर्कआउट व्हिडिओ, खाणं मोजून घ्यायचे रंगीत डबे आणि मील प्लॅन असं सगळं एकत्र देणारे जे प्रोग्राम असतात ते खरंच घेण्यालायक आहेत का, कारण तेच सगळं फुकटातही मिळतं असं लोक म्हणतात. आणि शेवटी एक ओळ लिहिलीय की जिमला जायला वेळ नाही आणि याआधी दोनदा सुरू करून सुटलंय. मला वाटतं तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, तिच्याकडे येतेच.

आधी माझं मत सांगून टाकते. व्यायामाच्या भागासाठी पैसे द्यायला हरकत नाही, खाण्याच्या भागासाठी देऊ नका. विकणारे नेमकं उलटं सांगतात, डबे आणि प्रोटीन शेक पुढे करतात, कारण वजन उतरतं ते मुख्यतः खाण्यामुळे आणि आपल्याला हवं असतं तेच. पण खाण्याचा भाग एवढा साधा आहे की एका कागदावर मावतो. व्यायामाचा भाग मात्र कोणीतरी नीट बसून आखलेला असेल तर त्याला खरंच किंमत आहे.

डब्यांचं गणित उघडून बघा म्हणजे पटेल. यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रोग्राम म्हणजे बीचबॉडी कंपनीचा २१ डे फिक्स, २०१४ साली आलेला. त्यात हिरवा डबा भाज्यांना, जांभळा फळांना, लाल प्रोटीनला, पिवळा कार्ब्सला (भात-ब्रेड वगैरे), निळा दाणे-चीज वगैरे फॅटला आणि छोटा नारिंगी डबा बिया आणि ड्रेसिंगला. तुम्हाला कुठला डबा किती वेळा ते कसं ठरतं? तर तुमचं वजन पाउंडात घ्यायचं, त्याला ११ ने गुणायचं, व्यायामाचे म्हणून ४०० मिळवायचे आणि वजन उतरावं म्हणून ७५० वजा करायचे. समजा वजन ७५ किलो, म्हणजे साधारण १६५ पाउंड, तर १८१५ अधिक ४०० वजा ७५०, आले १४६५. मग तुम्ही १२०० ते १४९९ कॅलरीच्या गटात, तुम्हाला दिवसाला ३ हिरवे, २ जांभळे, ४ लाल, २ पिवळे, १ निळा, १ नारिंगी आणि वर तेलाचे २ टीस्पून. झालं, एवढंच आहे ते. कॅलरी मोजायच्या ऐवजी डबे मोजायचे, आत जादू काही नाही.

आणि या गणितात उंची नाही, वय नाही, स्त्री की पुरुष हेही नाही. व्यायामाचे सरसकट ४०० धरलेत ते पण जरा सढळ हाताने धरलेत. ७५ किलोच्या माणसाने अर्धा तास बऱ्यापैकी दम लागेल असा व्यायाम केला तर साधारण २२५ कॅलरी जातात, अगदी जोरात केला तर ३०० च्या आसपास. म्हणजे कागदावर दिसणारी ७५० ची तूट प्रत्यक्षात तेवढी पडत नाही, आणि मग तीन आठवड्यांनी काटा अपेक्षेएवढा खाली आला नाही की माणूस स्वतःला दोष देतो, की आपणच कुठेतरी कमी पडलो. तसं करू नका प्लीज, गणितच अंदाजाचं आहे.

याचा अर्थ मोजून खाण्यात तथ्य नाही असा अजिबात नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने यावरचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले होते आणि समोर मोठा पोर्शन, मोठं पाकीट किंवा मोठं ताट-वाटी आली की माणसं जास्त खातात हे त्यात दिसलं. भुकेपेक्षा समोर काय आणि किती आहे यावर आपण जास्त चालतो. माझ्या बहिणीने असे डबे वापरले होते आणि तिला फायदा झाला, कारण आपण एका वेळी भात किती घेतो हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिने नेहमीसारखा भात ताटात वाढून घेतला आणि मग तो पिवळ्या डब्यात भरायला लागली, डबा भरला तरी ताटात अर्ध्याहून जास्त भात तसाच. तो डबा जेमतेम अर्ध्या कपाचा असतो. काही आठवडे असं मोजल्यावर तिच्या नजरेलाच अंदाज बसला आणि मग डब्यांची गरज उरली नाही. पण हेच काम बेकिंगचा मेजरिंग कप करतो, हिरवा डबा म्हणजे साधारण एक कप, लाल पाऊण, पिवळा अर्धा, नारिंगी दोन टेबलस्पून, तर रंगाचे वेगळे पैसे कशाला द्यायचे?

डब्यांची खरी अडचण वेगळीच आहे. चिकनचा तुकडा, उकडलेली अंडी, फळाच्या फोडी, सॅलड हे डब्यात छान मोजता येतं. पण घरात सगळ्यांसाठी एकाच भांड्यात एकत्र शिजवलेलं असतं, त्यात भाजी पण आहे, प्रोटीन पण आहे, बटाटा आणि तेल पण आहे, ते कुठल्या रंगात टाकणार? मग एकतर तुम्ही वेगळं शिजवता किंवा अंदाजे ठोकून देता, आणि वेगळं शिजवणं किती दिवस टिकणार हे ज्याच्यावर घराचं रांधणं आहे त्याला सांगायला नको.

सगळ्यात जास्त घसरतं ते तेलावर. बाटली तिरकी करून सरळ भांड्यात तेल सोडायची सवय असते ना, ते एकदा, फक्त एकदा, आधी चमच्यात घेऊन मग भांड्यात टाकून बघा. एक टेबलस्पून तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी. नकळत असे दोन चमचे जास्त पडले तर आख्ख्या अर्ध्या तासाचा व्यायाम तिथेच फिटला. दाण्यांचंही तसंच, ३० ग्रॅम बदाम म्हणजे १७० च्या आसपास कॅलरी आणि ३० ग्रॅम म्हणजे छोटी मूठ, टीव्ही बघताना कधी संपते कळत नाही. उलट पालेभाजी, काकडी, टोमॅटो तुम्ही डबा दाबून भरला काय आणि दोन घेतले काय, फार फरक पडत नाही. म्हणून मी कोणालाही सांगते, सगळं मोजू नका, तेल, दाणे, साखर आणि भात-ब्रेड एवढंच मोजा. त्या महागड्या सेटमधली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे टीस्पून आणि तो सगळ्यांच्या घरात असतोच.

तेही नको असेल तर हात आहेच. तळहाताएवढं प्रोटीन, मुठीएवढी भाजी, ओंजळीसारख्या वळवलेल्या एका हातात मावतील एवढे कार्ब्स, अंगठ्याएवढं फॅट, दर जेवणाला. किंवा हार्वर्डने २०११ मध्ये जे ताटाचं चित्र काढलं तसं, अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट धान्य, पाव ताट प्रोटीन. हे बाहेर जेवताना पण चालतं, जे डब्यांनी होत नाही.

आणि कुठला प्लॅन चांगला यावर फार डोकं खपवू नका. २००५ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, १६० लोकांना अ‍ॅटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश अशा चार डाएटमध्ये वाटून वर्षभर बघितलं. चारही डाएटचा सरासरी परिणाम साधारण सारखाच, २ ते ३ किलो. फरक पडला तो कोण किती काटेकोर टिकून राहिलं यावरून. वर्षभरात सरासरी २-३ किलो, हा आकडा लक्षात ठेवा आणि मग त्या २१ दिवसांच्या आधी-नंतरच्या फोटोंकडे बघा. पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो ना, त्यात बरंचसं पाणी असतं, कारण शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (कार्ब्सच्या साठ्याच्या) दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, कार्ब्स कमी केले की दोन्ही एकदम जातं. नीट जेवायला लागलात की ते परत येतं, ती चरबी वाढलेली नसते. तीन आठवड्यांचे प्रोग्राम एवढे खपतात त्याला हे पाणी बरंच कारणीभूत आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता व्यायाम. फुकट व्हिडिओ ढीगभर आहेत आणि त्यातले कितीतरी उत्तम आहेत. पण रोज काय होतं, चटई अंथरायची, मोबाइल घ्यायचा, आज काय करू, पाय की पोट, २० मिनिटांचा की ४० चा, ही बाई फार उड्या मारते, हा फार बोलतो, असं करत पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारतं. पैसे दिलेल्या चांगल्या प्रोग्राममध्ये आज काय करायचं हे ठरलेलं असतं, आणि पहिल्या आठवड्यापेक्षा चौथा आठवडा थोडा अवघड असतो. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. भिंतीला हात टेकून पुशअप, मग टेबलाच्या कडेला, मग जमिनीवर, अशी पायरी चढत गेली तरच ताकद वाढते, रोज वेगवेगळे व्हिडिओ उचलून करत राहिलात तर घाम येतो पण तुम्ही आहात तिथेच राहता. पैसे द्यायचेच तर या आखणीचे द्या.

घ्यायच्या आधी ट्रायलमधला एक व्हिडिओ व्यायाम न करता नुसता बसून बघा. स्क्वॉट चालू असताना ट्रेनर काय बोलतो तिकडे लक्ष द्या. गुडघे आत वळू देऊ नका, टाच उचलू नका, उडी मारून खाली येताना आवाज होऊ नये इतकं हलकं या, असं काही सांगतोय का, की नुसताच अजून दहा, अजून दहा म्हणून ओरडतोय? शेजारी कोणीतरी तेच सोपं करून दाखवणारं आहे का? २१ डे फिक्समध्ये ते होतं आणि मला ती त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. विश्रांतीचा दिवस आहे का? डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०२० च्या सूचना बघितल्या तर आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम एवढंच म्हटलंय, त्यात रोजचं चालणं पण धरतात. त्यामुळे दिवसातून दोनदा करायला लावणारा प्रोग्राम नवशिक्याने घेऊ नये.

आता तुमचं दोनदा सुटलं त्याबद्दल. ते का सुटलं यावर सगळं उत्तर ठरतं. रोज काय करायचं हे ठरवण्यातच कंटाळा येऊन सुटलं असेल तर पेड प्रोग्राम तुम्हाला नक्की मदत करेल. पहिल्याच आठवड्यात अंग इतकं दुखलं की जिना उतरता येईना म्हणून सुटलं असेल तर हे प्रोग्राम तुमच्यासाठी अजून वाईट, कारण त्यांचा पहिला दिवसच दणक्यात असतो, तुम्ही दोन-तीन आठवडे नुसतं चालणं आणि सोपे स्ट्रेंथचे व्यायाम करून मग या. आणि वेळ नाही म्हणून सुटलं असेल तर ३० मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे कपडे बदलणं, अंघोळ धरून पाऊण तास जातो हे आधीच मान्य करा, मग आठवड्यातून चारच दिवस ठेवा, पण ते ठरवून ठेवा. तुमच्यात काही कमी आहे म्हणून सुटलं असं मला बिलकुल वाटत नाही.

पैशाबाबत एकच सांगते, एकदाच पैसे भरून कायमचा मिळणारा प्रोग्राम असेल तर तो बघा, आपोआप रिन्यू होणारं सबस्क्रिप्शन शक्यतो टाळा आणि घेतलंच तर त्याच दिवशी रद्द करायचं पान कुठे आहे ते शोधून ठेवा. बीचबॉडीलाच २०१७ मध्ये ऑटो रिन्यूअलच्या प्रकरणात अमेरिकेतल्या सँटा मोनिका शहराबरोबर ३६ लाख डॉलरची तडजोड करावी लागली होती. कोणी ओळखीचं माणूस कोच म्हणून तुम्हाला विकत असेल तर त्याला त्यात कमिशन मिळतं का हे सरळ विचारा, विचारण्यात वाईट काही नाही. शेक तर घेऊच नका, प्रोटीन जेवणातून होतं.

आणि हे मात्र नीट वाचा. डायबिटीससाठी इन्शुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता जेवण एकदम कमी करू नका, शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, किंवा पूर्वी कधी खाण्यावरून मानसिक त्रास झाला असेल, उपाशी राहणं, खाऊन उलटी काढणं असं काही, तर हे डबे-कॅलरी प्रकरण तुमच्यासाठी नाहीच.

मी तुमच्या जागी असते तर पुढचे दोन आठवडे काहीच विकत घेतलं नसतं. तेल आणि भात चमच्या-कपाने मोजला असता आणि एकाच ट्रेनरचे फुकट व्हिडिओ, तेही आधीच चार निवडून, वारांसमोर लिहून ठेवले असते. तेवढं जमलं आणि पुढे काय करायचं हे सुचेना झालं, की तेव्हा एखादा सहा-आठ आठवड्यांचा स्ट्रेंथचा प्रोग्राम घ्या, डब्यांशिवायचा.