उशिराच्या पार्सलांबद्दल खुलासा लिहिण्यापूर्वी

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी कारणे दाखवा नोटीस काळजीपूर्वक वाचली. ‘पार्सले मुदतीत न पोहोचवणे व कामात वारंवार हयगय’ एवढ्याच शब्दांवर तुझ्याकडून तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. कोणती पार्सले, कोणत्या तारखेची आणि किती उशिरा पोहोचली, याचा त्यात उल्लेखही नाही. माफीचा अर्ज देऊन विषय मिटवावा असे तुझ्या मनात आहे, पण तसे करू नकोस. मोघम आरोपावर दिलेला मोघम माफीनामा फायलीत कबुली म्हणून राहतो आणि पुढच्या नोटिशीत ‘यापूर्वीही समज देण्यात आली होती’ या वाक्याला तोच आधार होतो. खुलाशाच्या पहिल्याच परिच्छेदात पार्सलांचे क्रमांक, तारखा आणि रनशीटच्या, म्हणजे त्या दिवशी द्यायच्या पार्सलांच्या छापील यादीच्या, प्रती माग. ज्या आरोपाचा तपशील दिलेला नाही त्याला उत्तर देणे शक्य नाही, हे लिहिण्यात उद्धटपणा काहीच नाही.

त्यानंतरचे खरे काम म्हणजे उशीर नेमका कोठे झाला हे दाखवणे. पार्सल ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी अनेक हातांतून जाते, पण शेवटचा हात तुझा असल्यामुळे सगळा उशीर तुझ्या नावावर जमा होतो. भिवंडीहून येणारी रात्रीची गाडी घाटात अडकली, ती हबवर, म्हणजे पार्सले वाटणीसाठी लावतात त्या केंद्रावर, दोन तास उशिरा लागली, मग उतरवणे, स्कॅन करणे आणि रूटप्रमाणे लावणे यात सकाळ गेली, तरी ग्राहकाला दिलेली वेळ मात्र तशीच राहते. म्हणून प्रत्येक दिवसाचे चार वेळांचे टाचण कर: गाडी हबवर कधी लागली, रनशीट तुझ्या हाती कधी आली, तू हबबाहेर कधी पडलास आणि शेवटचे पार्सल कधी दिलेस. यांतील पहिल्या दोन वेळा तुझ्या हातात नाहीत, आणि बहुतेक वेळा प्रकरणाचा निकाल तेथेच लागतो. तू पाठवलेल्या एका रनशीटच्या फोटोत छपाईची वेळ सकाळी 11.20 आहे. त्याच शीटवरच्या सात पार्सलांची मुदत दुपारी 12 ची आहे आणि पत्ते बावधनपासून हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पसरलेले आहेत. हा एक कागद तुझ्या बाजूने कोणत्याही विनवणीपेक्षा अधिक बोलतो. तो खुलाशाला जोड.

सोसायट्यांचा वेळही मांड. गेटवर नोंद, ॲपवरून परवानगी येईपर्यंत थांबणे, मालवाहू लिफ्टची रांग, ग्राहक ओटीपी शोधेपर्यंत दारात उभे राहणे, रोख रकमेच्या पार्सलात सुट्ट्या पैशांचा घोळ, यांत प्रत्येक वेळी जाणारी मिनिटे रूट आखणाऱ्याच्या हिशेबात क्वचितच असतात. मात्र ‘वाहतूक फार होती’ असे सरसकट लिहू नकोस, कारण ते सगळेच लिहितात आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या गेटवर, किती वाजता आणि किती वेळ गेला हे कॉल लॉगवरून व फोटोंवरून जेवढे दाखवता येईल तेवढेच लिही.

आता सर्वांत महत्त्वाचे. उशीर लपवण्यासाठी ‘ग्राहक उपलब्ध नाही’ किंवा ‘ग्राहकाने तारीख बदलली’ असा खोटा शेरा कधीही मारू नकोस, मग टीम लीडरने तोंडी तसे सांगितले तरीही. उशिराचा बचाव करता येतो, खोट्या नोंदीचा करता येत नाही. तुझ्या फोनचे लोकेशन आणि ग्राहकाला लागलेला किंवा न लागलेला कॉल या दोन्हींची नोंद कंपनीकडे असते, आणि त्या पडताळल्या की किरकोळ उशिराचे प्रकरण अप्रामाणिकपणाचे होते. शेरा मारायला सांगणारा लीडर त्या वेळी तुझ्या शेजारी उभा राहत नाही, हे मी अनेक चांगल्या मुलांच्या बाबतीत पाहिले आहे आणि त्याचा मला आजही संताप येतो. तसा दबाव आला तर लगेच त्यालाच संदेश पाठव: ‘अमुक पार्सल आज पोहोचत नाही, काय करावे ते कळवावे.’ उत्तर आले नाही तरी तुझा संदेश आणि त्याची वेळ राहते.

वेळ भरून काढण्यासाठी गाडी पळवू नकोस, हे मी केवळ काळजीपोटी सांगत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 183 मध्ये एक तरतूद आहे आणि ती फार थोड्या चालकांना माहीत असते. वेगमर्यादा मोडल्याशिवाय जो प्रवास ठरलेल्या वेळेत होऊ शकत नाही, तो तेवढ्या वेळेत पूर्ण करण्याचे वेळापत्रक किंवा आदेश मालकाने दिला असेल, तर तो आदेशच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. खुलाशात याची धमकी देऊ नये, पण ‘वेगमर्यादा पाळून हे अंतर दिलेल्या वेळेत कापणे शक्य नव्हते’ हे वाक्य अवश्य असावे.

तुझा पगार व्हेंडरच्या, म्हणजे कंपनीच्या कंत्राटदाराच्या, नावाने येतो आणि पीएफ कापला जातो, त्यामुळे तू कर्मचारी आहेस. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय दंड करता येत नाही, आणि एका वेतनकाळातील एकूण दंड वेतनाच्या 3 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. गेल्या महिन्यात ‘लेट पेनल्टी’ म्हणून कापलेली रक्कम या मर्यादेत बसते का ते पगारपत्रकावरून तपास, आणि बसत नसेल तर ती स्वतंत्र अर्जाने परत माग. किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, कामगाराची पूर्वीची सेवा लक्षात न घेता, अवाजवी कठोर शिक्षा म्हणून कामावरून काढणे ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा मानली आहे, आणि औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही तशीच नोंद आहे. म्हणून तुझी आजवरची हजेरी, ग्राहकांचे चांगले शेरे आणि रोख रकमेचा चोख हिशेब यांचा उल्लेख खुलाशात संकोच न करता कर.

तुझ्या ज्या मित्राचा डिलिव्हरी ॲपवरचा आयडी ब्लॉक झाला, त्याची स्थिती अधिक अवघड आहे, कारण त्याला कर्मचारी न मानता ‘पार्टनर’ म्हटले जाते आणि त्याच्या हातात नोटीसदेखील येत नाही. कर्नाटकाने ॲपवर काम करणाऱ्यांसाठी 2025 मध्ये केलेल्या कायद्यात काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि 14 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, पण तो कायदा त्या राज्यापुरता आहे. ज्या माणसाचे पोट एका आयडीवर चालते त्याला तो बंद होण्याचे कारण कळलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सध्या त्याने ॲपमधून लेखी कारण मागावे, तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवावा आणि एखाद्या संघटनेशी बोलावे.

खुलासा दोन पानांच्या आत बसव. कोणा सहकाऱ्याचे नाव घेऊन त्याच्यावर दोष ढकलू नकोस, गाडी उशिरा आली एवढेच लिही. चौकशी लावली तर आरोपपत्र, कागदपत्रांच्या प्रती आणि सोबत एक सहकारी, या तीन गोष्टी लेखी माग, आणि न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नकोस. खुलाशाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घे. कोणी पोच देत नसेल तर त्याच दिवशी ईमेल कर आणि एक प्रत स्पीड पोस्टनेही पाठव. मुदत गुरुवारी संपते, तेव्हा मसुदा मला बुधवारी सकाळपर्यंत पाठव. त्यासोबत तुझ्याकडच्या सर्व रनशीटचे फोटोही पाठव, म्हणजे वेळा मी ताडून पाहतो.

तुझा हितचिंतक