अमेरिकन रॅपर जे इलेक्ट्रॉनिकाचा पहिला अल्बम इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेला पुरा पडला का? चाहत्यांचं अजूनही एकमत का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की त्याचा 'अ रिटन टेस्टिमनी' हा पहिला अल्बम नुकताच पहिल्यांदा ऐकलात आणि आवडला. पण त्याबद्दल वाचायला गेलात तर निम्मे लोक त्याला थोर म्हणतात आणि निम्मे म्हणतात, हा तर त्यावर पाहुणा म्हणून आलेल्या, त्याच्याहून कितीतरी प्रसिद्ध रॅपर जे-झीचाच अल्बम आहे. मग खरं कोणाचं?

मी या माणसाच्या अल्बमची दहा वर्षं वाट पाहिली आहे, त्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तर मिळणार नाही. मला हा अल्बम फार आवडतो. पण आम्ही ज्याची वाट पाहत होतो तो अल्बम हा नव्हेच, आणि अर्ध्याहून जास्त भांडण या एका गोष्टीत आहे.

थोडं मागे जायला हवं. जे इलेक्ट्रॉनिका न्यू ऑर्लीन्सचा, मॅग्नोलिया प्रोजेक्ट्स या सरकारी वसाहतीतला, जन्म 1976चा. 2007 मध्ये त्यानं मायस्पेसवर पंधरा मिनिटांचा एक सलग तुकडा टाकला, 'अ‍ॅक्ट वन'. खाली जॉन ब्रायनचं एका सिनेमासाठी केलेलं पार्श्वसंगीत, ड्रम्स अजिबात नाहीत, आणि वर याचा शांत, जड आवाज. रॅपमधून ड्रम्स काढणं म्हणजे लावणीतून ढोलकी काढण्यासारखं आहे. तरी तो तुकडा कुठे ढेपाळत नाही, कारण ठेका त्याच्या शब्दांतच आहे. त्या तुकड्याचं उपशीर्षक होतं 'द प्लेज'. जादूच्या प्रयोगाचे जे तीन टप्पे सांगतात, प्लेज, टर्न आणि प्रेस्टीज, त्यातला हा पहिला: आधी एक साधी वस्तू दाखवायची, मग ती नाहीशी करायची, मग परत आणायची. पुढचे दोन अंक येणार, हे वचन त्या नावातच होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

2009 च्या अखेरीस 'एक्झिबिट सी' आलं. पुण्यात हॉस्टेलवर असताना, 2010 च्या सुरुवातीला, रूममेटनं ते लॅपटॉपवर लावलं आणि संपल्याबरोबर आम्ही दोघांनी काही न बोलता पुन्हा लावलं. जस्ट ब्लेझ या निर्मात्याची बीट, म्हणजे खालचं संगीत, त्यात बिली स्ट्यूअर्टच्या जुन्या सोल गाण्यातून उचललेला तुकडा, हूक म्हणजे परत परत येणारं धृपद नाही, आणि साधारण साडेपाच मिनिटं हा माणूस स्वतःची हकीकत सांगतोय: न्यूयॉर्कमध्ये राहायला घर नाही, पोटात अन्न नाही, ट्रेनमध्ये झोपायचं. त्या वयात आम्हाला त्यातले निम्मे संदर्भ कळत नव्हते. फाइव्ह पर्सेंटर म्हणजे काय (नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीयांच्या धार्मिक संघटनेतून फुटून निघालेला पंथ) हे मी त्या गाण्यामुळे शोधून वाचलं. आणि त्याच गाण्यात तो सांगतो की रॅपमधल्या मोठ्या लोकांनी त्याच्यामागे लकडा लावलाय: नॅसनं फोन केला, क्यू-टिपनं विचारलं, डिडी तर तासातासाला मेसेज करतोय, सगळ्यांचा प्रश्न एकच: कशासाठी थांबलायस? अल्बमला उशीर झाल्याची तक्रार 2009 मध्येच त्याच्या गाण्यात आली होती. प्रत्यक्षात अल्बम यायला अजून दहा वर्षं जायची होती.

नोव्हेंबर 2010 मध्ये तो जे-झीच्या रॉक नेशन या संगीत कंपनीत गेला. 'अ‍ॅक्ट टू', म्हणजे 'द टर्न', येणार असं सगळे धरून चालले. 2012 मध्ये त्याची गाण्यांची यादीसुद्धा बाहेर आली. अल्बम आला नाही. 2013 मध्ये रॅपर बिग शॉनच्या 'कंट्रोल' या गाण्यात शेवटचा व्हर्स, म्हणजे कडवं, याचं होतं, पण त्याच्या आधी केंड्रिक लमारनं बरोबरीच्या रॅपर्सची नावं घेऊन असं काही आव्हान दिलं की सगळी चर्चा तिथेच अडकली. त्या नावांत जे इलेक्ट्रॉनिकाचंही नाव होतं. याचा स्वतःचा व्हर्स मात्र फार थोड्यांनी नीट ऐकला. पुढे अधूनमधून एखादं गाणं, दुसऱ्याच्या गाण्यात पाहुणा म्हणून एखादा फीचर, मग पुन्हा सामसूम. वाट पाहण्याचा एक तोटा असतो. न आलेला अल्बम मनात वाढत जातो. 2018-19 पर्यंत माझ्या डोक्यातला 'अ‍ॅक्ट टू' इतका मोठा झाला होता की कुठलाही खरा अल्बम त्याच्यापुढे टिकला नसता.

मग फेब्रुवारी 2020 मध्ये अचानक त्यानं जाहीर केलं की चाळीस दिवस, चाळीस रात्रींत अल्बम रेकॉर्ड झालाय. 13 मार्चला, शुक्रवारी, तो आला. पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडून चारच दिवस झाले होते आणि ऑफिसमधून लॅपटॉप घरी न्यायला सांगितलं होतं. त्या रात्री जेवण झाल्यावर हेडफोन लावून बसलो. सुरुवातीला नेशन ऑफ इस्लामचा नेता लुई फराखान याचं भाषण. नंतर 'घोस्ट ऑफ सोल्जा स्लिम' सुरू झालं, मी सावरून बसलो, आणि पहिला आवाज आला तो जे-झीचा.

तो क्षण मी विसरलेलो नाही. सोल्जा स्लिम हा त्याच मॅग्नोलियातला रॅपर, 2003 मध्ये गोळ्या घालून मारला गेलेला. गाण्याचं नाव आपल्या वसाहतीतल्या मेलेल्या माणसाचं, अल्बम आपल्या आयुष्यातला पहिला, आणि दार उघडायला आला न्यूयॉर्कचा अब्जाधीश. रूममेट (आता तो नाशिकला असतो) त्याच रात्री फोनवर म्हणाला, "हा जे-झीचा अल्बम आहे, जे इलेक्ट्रॉनिकाच पाहुणा आहे." तुम्ही जे वाचलंत ते हेच वाक्य, आणि ते हवेतून आलेलं नाही. जे-झी दहापैकी आठ गाण्यांवर आहे आणि त्याचं नाव फीचर म्हणून छापलेलंही नाही. हिशोब करा: एक ट्रॅक जवळजवळ सगळा भाषणाचा, 'शायनी सूट थिअरी' हे 2010 चंच जुनं गाणं, आणि 'फ्रूट्स ऑफ द स्पिरिट', जिथे जे इलेक्ट्रॉनिका एकटा आहे, ते जेमतेम दीड मिनिटाचं. नवी, पूर्ण लांबीची गाणी उरतात सात. वर एके ठिकाणी जे-झी 2019 मध्ये एनएफएलशी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगशी, केलेल्या कराराची सफाई देतो. त्याच्या धंद्यातल्या टीकेला उत्तर द्यायची ती जागा होती का? नाही. या मुद्द्यावर मी टीका करणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

तरीही 'हा जे-झीचा अल्बम' हे मला पटत नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. 'जी जी' करून ते शाहिराला दम घ्यायला जागा देतात आणि त्याचा सूर पडू देत नाहीत. इथे झीलकरी शाहिरापेक्षा शंभरपट प्रसिद्ध आहे, म्हणून नजर त्याच्याकडे जाते. पण पोवाडा कुणाचा चाललाय ते ऐका. अल्बमचा स्वभाव सगळा जे इलेक्ट्रॉनिकाचा आहे: कुराण आणि बायबल एकाच दमात, मध्येच अरबी, न्यू ऑर्लीन्सच्या गल्ल्या, आणि ड्रम्स मागे सारून मोकळ्या सोडलेल्या लूप्स, म्हणजे फिरून फिरून वाजणारे संगीताचे तुकडे. बरीचशी बीट्स त्याची स्वतःची आहेत. 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'ची बीट अल्केमिस्ट या निर्मात्याची आहे, आणि त्या लूपवर दोघं असे बोलतात की रात्री गच्चीवर दोन जुने मित्र बसलेत असं वाटतं. जे-झीसुद्धा इथे कित्येक वर्षांत नव्हता इतका सैल आणि खोल लिहितो. ते त्याला या जगात शिरल्यामुळे जमलं.

आणि एक गोष्ट टीकाकार फारशी धरत नाहीत. 'द ब्लाइंडिंग'मध्ये जे इलेक्ट्रॉनिका जवळपास कबुलीजबाब देतो: प्रत्येक करारावर सही केली, प्रत्येक मुदत चुकवली, आणि लोकांच्या अपेक्षेला पुरं पडायचं कसं हा घोर. ते ऐकल्यावर माझा जे-झीवरचा राग बराच उतरला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस पहिला अल्बम काढतोय आणि त्याला भीती वाटतेय. नॅसचा 'इलमॅटिक' 1994 मध्ये आला तेव्हा नॅस वीस वर्षांचा होता. तोही दहा ट्रॅकचा, तोही चाळीस मिनिटांच्या आतला. विशीतल्या पोराला गमवायला काही नसतं. इथे तेरा वर्षांची दंतकथा गमवायची होती. कुणीतरी शेजारी उभं राहिल्याशिवाय हा माणूस दार उघडणार नव्हता, असं माझं मत आहे. जे-झी नसता तर आपण आज त्याच्या चांगल्या-वाईटावर भांडत नसतो, कारण अल्बमच नसता.

एका गोष्टीवर मात्र मी कुठलीच सबब ऐकून घेत नाही. 'घोस्ट ऑफ सोल्जा स्लिम'मध्ये जे इलेक्ट्रॉनिका 'सैतानाचं सिनेगॉग' (सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ) हे शब्द वापरतो. ते बायबलमधले आहेत, हे चाहते लगेच सांगतात. पण ज्या फराखानच्या भाषणानं अल्बम उघडतो त्यानं हे शब्द ज्यूंविरुद्ध वर्षानुवर्षं वापरले आहेत, आणि जे इलेक्ट्रॉनिका त्याचा उघड अनुयायी आहे. तेव्हा 'नुसता धर्मग्रंथाचा दाखला' हे म्हणणं खोटं आहे. टीका झाल्यावर त्यानं माघारही घेतली नाही. ज्याच्या लेखणीवर मी इतकं प्रेम करतो त्यानं हे लिहावं याचा मला आजही त्रास होतो, आणि अल्बम कुणाला ऐकायला देताना मी हे आधी सांगतो.

याच सुमाराची आपल्याकडची एक आठवण. कुर्ल्याचा रॅपर नेझी याचं 'आफत' हे गाणं 2014 मध्ये आलं आणि त्याचा पहिला अल्बम 'मगरेब' थेट जानेवारी 2020 मध्ये, म्हणजे 'टेस्टिमनी'च्या दोन महिने आधी. तेव्हाही माझ्या ओळखीतले लोक असेच दोन गटांत पडले होते. ज्यांना 'आफत'मधला तो तापलेला मुलगा पुन्हा हवा होता ते हिरमुसले. ज्यांनी सहा वर्षांनी मोठा झालेला माणूस ऐकला त्यांना अल्बम भिडला. 'एक्झिबिट सी' डोक्यात ठेवून 'टेस्टिमनी' ऐकणाऱ्यांचं हेच होतं.

आता शेवटचं गाणं, 'ए.पी.आय.डी.टी.ए.'. माझ्यापुरता वाद इथे मिटतो. 26 जानेवारी 2020 ला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट गेला, त्या रात्री हे रेकॉर्ड झालं. खाली क्रुआंगबिन या बँडची संथ गिटार, तीही जवळजवळ स्वतःशीच वाजणारी. हूकमध्ये जे-झी म्हणतो की फोनमध्ये असे नंबर आहेत जे आता कधी वाजणार नाहीत. आणि मग जे इलेक्ट्रॉनिका सांगतो की आई गेली त्या दिवशी तो दिवसभर तिचे जुने मेसेज वरखाली करत बसला होता. रॅपमध्ये शोकगीतं खूप आहेत, पण फोनच्या पडद्यावरचं हे दुःख इतक्या साध्या शब्दांत मी दुसरीकडे ऐकलं नव्हतं. माझे बाबा 2018 मध्ये गेले. त्यांचा शेवटचा मेसेज आहे, 'पोचलास का'. मी पोचलो होतो, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. ते गाणं पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मी ते पुन्हा लावलं नाही, हेडफोन काढून बसून राहिलो. इथे जे-झी जास्त आहे की कमी, हा प्रश्नच माझ्या मनात आला नाही.

अल्बम बिलबोर्डच्या यादीत 12व्या क्रमांकावर आला, ग्रॅमीला रॅप अल्बमच्या नामांकनात गेला आणि हरला. ते ग्रॅमी घेतलं नॅसनं, त्याच्या आयुष्यातलं पहिलं. 'एक्झिबिट सी'मध्ये 'कशासाठी थांबलायस' म्हणून फोन करणारा तोच नॅस.

आणि ज्याची खरी वाट पाहिली होती तो 'अ‍ॅक्ट टू'? ऑक्टोबर 2020 मध्ये तो इंटरनेटवर फुटला, आणि मग नाइलाजानं म्हणा किंवा कसंही, अधिकृतपणे टायडल या स्ट्रीमिंग सेवेवर आला. तेव्हा आम्हाला कळलं की दशकभर कशासाठी भांडत होतो. काही गाणी अप्रतिम आहेत. 2014 पासून ऐकत आलेलं, पियानोवरचं 'बेटर इन ट्यून विथ द इन्फिनिट' त्यातच आहे. पण बाकी बरंच अर्धवट आहे, पुसट पेन्सिलीनं काढून ठेवल्यासारखं. माझ्या रूममेटला तोच जास्त आवडतो, कारण त्यात जे इलेक्ट्रॉनिका एकटा आणि मोकळा आहे. मला तो ऐकताना एक हुशार माणूस काम अर्धं सोडून उठून गेलाय असं वाटतं, आणि 'टेस्टिमनी' हे त्याच माणसानं अखेर पूर्ण केलेलं एक काम वाटतं. 'प्लेज', 'टर्न', 'प्रेस्टीज' या साखळीत ते कुठेच बसत नाही. ज्यांना तिसरा अंक हवा होता त्यांना ते कधीच पुरं पडणार नाही, आणि त्यांचंही चूक नाही, कारण वचन त्यानंच दिलं होतं.

तुम्ही तेरा वर्षांचं ओझं न घेता ऐकलात, म्हणून तुम्हाला तो सरळ आवडला. आता उलटं करून बघा. आधी 2007 चा तो पंधरा मिनिटांचा तुकडा, मग 'एक्झिबिट सी', मग 'कंट्रोल'चा फक्त शेवटचा व्हर्स. मग 'टेस्टिमनी' पुन्हा, एकही गाणं न गाळता, जे-झीच्या ओळी संपतात तिथे जास्त कान देऊन. 'अ‍ॅक्ट टू' सगळ्यात शेवटी.