अकरा वर्षं फील्डवर काढली, आता पॉलिसी शिकायला जाऊ का?

प्रश्न : ताई, मी अकरा वर्षं वस्तीपातळीवर काम करतेय, आधी आरोग्याचं, आता शाळागळतीचं. वरून योजना येते, खाली ती बसत नाही, आणि मीटिंगमध्ये तसं म्हटलं की लगेच "डेटा आहे का?" पब्लिक पॉलिसीत, म्हणजे सरकारी धोरणांच्या अभ्यासात, मास्टर्स करायचं डोक्यात आहे, पण नोकरी सोडणं शक्य नाही, गणित शाळेतच सुटलंय आणि चाळिशी आलीय. वर्गात पोरांसोबत बसून हसं होईल का? आणि उपयोग खरंच होतो का, की नुसता कागद?

उत्तर : हसं कसलं, ती पोरं ग्रुप असाइनमेंटला तुम्हालाच धरायला येतील बघा, कारण त्यांनी जी केस वाचलेली असते ती तुम्ही निस्तरलेली असते. अनुभवी लोकांसाठी वेगळे कोर्सही असतात, हार्वर्डच्या केनेडी स्कूलचं मिड-करिअर एमपीए (सार्वजनिक प्रशासनातलं मास्टर्स) तर किमान सात वर्षं काम केल्याशिवाय घेतच नाही. (तो फुलटाइम आहे म्हणून तुमच्या कामाचा नाही, वयाची भीती जावी म्हणून सांगितलं.)

तुम्ही जे "खाली बसत नाही" म्हणताय ना, त्यावर या विषयात अख्खी चर्चा आहे. अमेरिकी अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली मांडलं की शिक्षक, समाजसेवक, पोलीस असे जे लोकांसमोर उभे असतात ते वेळ आणि माणसं कमी असताना कोणाला आधी घ्यायचं, कोणता नियम जरा सैल सोडायचा हे रोज ठरवतात आणि लोकांच्या वाट्याला प्रत्यक्षात येते ती पॉलिसी तीच. म्हणजे पॉलिसी तुम्ही अकरा वर्षं करताच आहात, फक्त तिचा हिशोब मांडायला कोणी शिकवलं नाही.

आता तो डेटा. समजा तुमच्या उपक्रमात २०० मुलं आली, ६० शेवटपर्यंत टिकली, त्यातली ४५ पुन्हा नियमित शाळेत जायला लागली. आपण रिपोर्टमध्ये काय लिहितो, ७५ टक्के यश! पण २०० वर काढा, साडेबावीस टक्के. आणि खरा त्रासदायक प्रश्न पुढेच आहे, त्या ४५ मधली किती तुम्ही नसतात तरी गेलीच असती? टिकली तीच मुळात ज्यांच्या घरून जोर होता ती. हे कळलं तेव्हा मला माझे जुने रिपोर्ट आठवून दोन दिवस बरं वाटत नव्हतं, खरंच.

तुमच्याच विषयातलं एक उदाहरण घ्या. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा नावाची योजना काढली, मुलं शाळेत गेली आणि दवाखान्यात तपासणी झाली तर आईच्या हातात पैसे. सगळीकडे एकदम सुरू करायला पैसा नव्हताच, मग अभ्यासासाठी ५०६ गावं घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागली, ३२० ना आधी, १८६ ना नंतर, त्यामुळे तुलना करायला गावं आयती मिळाली. शाळेतली नोंदणी वाढल्याचं दिसलं, विशेष करून वरच्या वर्गातल्या मुलींची. २००० ला सत्ता बदलली तरी योजना बंद पडली नाही, २००२ ला फक्त नाव बदललं, आणि त्यात त्या आकड्यांचा वाटा मोठा होता. मीटिंगमध्ये तुम्हाला हेच पाहिजे ना?

गणिताचं म्हणाल तर स्टॅटिस्टिक्स आणि थोडं अर्थशास्त्र चुकत नाही, पहिली टर्म जड जाते. आधी दोन-तीन महिने टक्केवारी, सरासरी, ग्राफ वाचणं एवढं हात बसेपर्यंत करा, फॉर्म्युले पाठ करत बसू नका. कॉस्ट-बेनिफिट ऐकायला भारी वाटतं पण निम्मं काम कोणाचा खर्च आणि कोणाचा फायदा मोजायचा हे ठरवण्यातच आहे, आणि तिथे तुम्ही पुढे असाल.

मला स्वतःला कोर्समधलं सगळ्यात जास्त कामी आला तो मेमो, म्हणजे निर्णय घेणाऱ्यासाठी लिहिलेलं छोटं टिपण. मी पहिला लिहिला चौदा पानांचा, सगळी कळकळ ओतून, सरांनी परत दिला तेव्हा त्यावर एकच ओळ होती, "कोणी, काय, कधीपर्यंत करायचं?" बाकी पानांना हातसुद्धा लावलेला नव्हता. मग दोन पानांत बसवला, शिफारस पहिल्याच परिच्छेदात, खाली तीन पर्याय, त्यातला एक "आहे तसं चालू द्या", आणि प्रत्येकाला खर्च किती, फायदा कोणाला, वरचे मान्य करतील का. रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

प्रश्न : एमपीपी (पब्लिक पॉलिसीतलं मास्टर्स) घ्यावं की एमपीए?

उत्तर : एमपीए जुनं, अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलमध्ये १९२४ पासून आहे, त्यात संस्था चालवणं, बजेट, माणसं यावर भर. एमपीपीत पर्याय तपासणं, आकडे. पण हल्ली दोन्हीत बरीच सरमिसळ आहे, तेव्हा नावावर जाऊ नका, विषयांची यादी मागवा. शेवटचा प्रोजेक्ट स्वतःच्या कामावर करू देतात का एवढं मात्र विचाराच, नोकरी करणाऱ्याला त्यानेच निम्मा वेळ वाचतो.

प्रश्न : ऑफिस फी भरायला तयार आहे पण नंतर तीन वर्षं सोडायचं नाही असं लिहून मागतंय. सही करू का?

उत्तर : दादा, आधी बघा की मध्येच सोडलं तर पूर्ण फी परत द्यायची की राहिलेल्या महिन्यांच्या हिशोबाने, आणि त्यांनीच काढलं तर काय. दुसरं म्हणजे परीक्षेच्या आठवड्यातली सुट्टी त्याच कागदावर लिहून घ्या, तोंडी "बघू नंतर" चालणार नाही, ऐन वेळी नेमकं ऑडिट येतं.