‘शिंबावंत’ म्हणजे द्विदल नव्हे

प्रश्न असा आहे: मराठी विश्वकोशात वनस्पतींच्या नोंदींत ‘शिंबावंत कुल’ असं येतं. ही म्हणजे आपली द्विदल धान्यंच ना? आणि शब्द आला कुठून?

संस्कृतात शिंबा किंवा शिंबी म्हणजे शेंग. तिला गुणवंत, धनवंत यांतला ‘वंत’ लागला, की झाली शेंगवाली झाडं. हिंदीतली ‘सेम’ याच शिंबीची लेक. लॅटिन नाव लेग्युमिनोजी. ‘लेग्युमेन’ म्हणजे शेंगेतलं धान्य. फॅबेसी हे त्याच कुलाचं दुसरं नाव, नियमाने दोन्ही चालतात. चरकसंहितेत मूग-मसूर ‘शमीधान्य’ वर्गात येतात. पुढे ‘शिंबीधान्य’ही रूढ झालं.

‘द्विदल’ची गोष्ट वेगळी. स्वयंपाकघरात डाळ पडते ते द्विदल, इतकं पुरतं. शास्त्रात मात्र बियांत दोन दलं असलेलं सगळंच द्विदल, म्हणजे आंबा, वांगं, कापूससुद्धा. शिंबावंत सगळे द्विदल. उलट खरं नाही.

खरी खूण फळात असते. मटाराची शेंग उसवून बघा: दाणे एकाच कडेला लोंबतात, आणि उघडताना एक या फाकेला, पुढचा त्या फाकेला जातो. एकाच किंजदलाचं (फुलात बी धरणाऱ्या स्त्री-भागाचा एक घटक) फळ, दोन्ही शिवणींवर उकलणारं, ती शिंबा. शेवग्याची ‘शेंग’ तीन फाकांत उकलते, म्हणून ती शिंबा नव्हे, बोंड. भेंडीचं तेच, फक्त फाका पाच. मोहरीच्या शेंगेत मध्ये पातळ पडदा असतो. तिला ‘सार्षप’ हा स्वतंत्र शब्द आहे. उलट चिंच आणि भुईमूग आपणहून उकलत नाहीत, तरी शिंबावंतच. (भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे फुलानंतर खाली वाढणारे देठ, जमिनीत शिरून तिथे शेंग धरतात, म्हणून तिला मूळ समजणारे अजून भेटतात!)

कुल कडधान्यांपुरतं नाही. मुंबईच्या रस्त्यांवरचे गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, बहावा, पांगारा आणि राणीच्या बागेतलं उर्वशीचं झाड, सगळी याच कुळातली. मुळांवर हवेतलं नत्र बांधणाऱ्या गाठी असतील तरच शिंबावंत, हेही चूक. बहाव्याला त्या नसतात.

लिहिताना कुलाचं नाव म्हणून ‘शिंबावंत’ ठेवावं. बाजारभाव, पीकपाणी यांत ‘कडधान्य’च बरं. ‘शेंगवर्गीय’ वाचायला सोपं आहे, पण वाचक शेवगा त्यात घालणार, हे धरून चालावं.