‘झेनसारखी बॉडी हवी म्हणून कोर्स सुरू केला, आता छातीत गाठ लागतेय’

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांचा आहे, इचलकरंजीत राहतो. उंची 173 सेंमी. दीड वर्ष जिम करूनही वजन 70 किलोच्या पुढे जाईना, घरात अजून सगळे ‘काडी’च म्हणतात. मला साठ-सत्तरच्या दशकातल्या फ्रँक झेन, आर्नोल्ड श्वार्झनेगर या बॉडीबिल्डरांच्या काळातली बॉडी आवडते. आताच्या लोकांसारखं फुगलेलं पोट नको. जिममधले सर म्हणाले, ‘ते लोक कमी डोस घ्यायचे, म्हणून त्यांना काही झालं नाही. तूही हलका कोर्स कर.’ आईच्या भिशीतले 6,000 रुपये न विचारता घेतले आणि डायनाबोल या स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, रोज 30 मिलिग्रॅम. तीन आठवड्यांत वजन 4 किलोनं वाढलं. पण डाव्या निपलमागे गाठ लागते, हात लागला तरी दुखतं. सर म्हणतात, आता टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन जोडू. डॉक्टरांकडे जायची लाज वाटते. काय करू?

उत्तर : आधी गाठीचं बोलू, कारण ते याच आठवड्याचं काम आहे.

डायनाबोलचा, म्हणजे मेथँडायनोनचा, काही भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात बदलतो. त्याच्यामुळे निपलमागची ग्रंथी वाढायला लागते. गाठ नवी आणि दुखरी असेपर्यंत औषध बंद केल्यावर ती बसण्याची चांगली शक्यता असते. महिनोन् महिने राहिली तर तिथे घट्ट तंतू तयार होतात आणि मग शस्त्रक्रियेशिवाय ती जात नाही. टेस्टोस्टेरॉनचंही इस्ट्रोजेन होतंच, त्यामुळे सर सांगतात ते इंजेक्शन हा या गाठीवरचा उपाय नाही, तिचं खतपाणी आहे. शिवाय गोळी आज बंद केली की दोन-चार दिवसांत अंगातून जाते. तेलातलं इंजेक्शन एकदा टोचलं की त्याचा अंमल काही आठवडे राहतो, परत काढून घेता येत नाही.

म्हणून आजपासून गोळी बंद. हळूहळू कमी करत आणायची गरज नाही. गाठीसाठी सरांकडून दुसरी कुठली गोळीही घेऊ नकोस. टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनला अडवणारं औषध) लागेल की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे, जा. लाज वाटते ना, मग चिठ्ठीवर लिहून ने : ‘मेथँडायनोन, 30 मिलिग्रॅम रोज, 21 दिवस.’ बरोबर गोळ्यांची पट्टी ने. रक्तदाब, ईसीजी, सीबीसी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, लिपिड प्रोफाइल, एलएच, एफएसएच, इस्ट्राडायोल ही संप्रेरकं आणि सकाळी उपाशीपोटी 7 ते 10 च्या दरम्यान घेतलेलं टेस्टोस्टेरॉन, एवढं साधारण बघतात. रक्त देण्याआधी चार-पाच दिवस जड व्यायाम करू नकोस. जोरदार स्क्वॉट्सनंतर एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे स्नायूंमुळेही वाढलेले दिसतात आणि यकृत बिघडलं असं उगाच वाटतं. त्यासाठी जीजीटी ही यकृताची आणखी एक चाचणीही करून घ्यायला विचार, ती स्नायूंमुळे वाढत नाही. क्रिएटिन घेत असशील तर तेही सांग, त्याने क्रिएटिनिनचा आकडा वर जातो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आणखी एक होईल, ते आधीच सांगते. वाढलेल्या 4 किलोत पाणी बरंच आहे. येत्या दोन-तीन आठवड्यांत दोन-अडीच किलो उतरतील, दंड मऊ वाटतील, मन उदास होईल, कामेच्छा कमी होईल. बाहेरून औषध आल्यामुळे मेंदूने वृषणांना दिला जाणारा टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा हुकूम थांबवलाय. तो पुन्हा सुरू व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. नेमकं याच काळात पोरं घाबरून दुसरा कोर्स धरतात, आणि तिथून सुटका अवघड होते. उदासी फारच दाटली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन कर.

आता सरांच्या म्हणण्याबद्दल. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं.

डायनाबोल 1958 साली सिबा कंपनीने अमेरिकेत बाजारात आणलं. साठ-सत्तरच्या दशकात अव्वल स्पर्धकांमध्ये स्टिरॉइड्स सर्रास होती. आर्नोल्डने स्वतः ती घेतल्याचं जाहीरपणे मान्य केलंय. तेव्हाचं प्रमाण नंतरच्या काळापेक्षा कमी होतं, हेही खरं. प्रयोगशाळेत बनवलेलं ग्रोथ हार्मोन 1985 मध्ये आलं, इन्सुलिनचा वापर त्यानंतर पसरला, आणि नव्वदच्या दशकात वजनं आणि कंबरा दोन्ही सुटत गेल्या. पण कमी औषध म्हणजे झेनची कंबर, हा हिशेब साफ चूक आहे. झेनची कंबर कुठल्याही गोळीने घडवलेली नाही.

ती हाडांची आहे. लांब गळपट्टीची हाडं, अरुंद कटी, छोटे सांधे. 1968 साली मायामीतल्या स्पर्धेत त्याने आपल्यापेक्षा कितीतरी वजनदार आर्नोल्डला हरवलं आणि 1977 ते 79 सलग तीनदा मिस्टर ऑलिंपिया जिंकलं, ते याच बांध्यावर. त्याच काळातला बॉडीबिल्डर सर्जिओ ऑलिव्हा, त्याची कंबरही अशीच जन्मजात. स्नायू हाडाला कुठे चिकटतो, तेही जन्मतः ठरतं. हात कोपरात काटकोनात वाकव, बायसेप्स आवळ, आणि स्नायूचा शेवट व कोपराची घडी यांच्यामध्ये किती बोटं बसतात ते बघ. एक बसलं तर स्नायू लांब, तीन बसली तर आखूड. आखूड स्नायू मोठा होतो, उंच शिखरासारखा वर येतो, पण लांब होत नाही. पोटाच्या चौकटी चार की सहा, सरळ की तिरक्या, छातीच्या मधली फट किती रुंद, हे सगळं असंच. औषध प्रत्येक स्नायूचं आकारमान वाढवतं. त्याची जागा बदलत नाही.

व्यायामाचा परिणामही सगळ्यांवर सारखा होत नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 585 जणांनी एका हाताला 12 आठवडे एकच व्यायाम दिला. कुणाचा बायसेप्स 59 टक्क्यांनी वाढला, तर कुणाचा दोन टक्क्यांनी घटला. मंचावर आपल्याला दिसतात ते या यादीच्या अगदी वरच्या टोकाचे लोक.

औषध काम करतं, हे मी लपवणार नाही. 1996 च्या एका प्रयोगात आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेऊन दहा आठवडे काहीही व्यायाम न केलेल्यांचं चरबीविरहित वजन सरासरी 3.2 किलो वाढलं, तर औषधाशिवाय व्यायाम केलेल्यांचं 1.9 किलो. दोन्ही एकत्र केलेल्यांचं 6.1 किलो. म्हणूनच मोह पडतो. पण त्या लोकांना कारखान्यातलं तपासलेलं औषध डॉक्टर मोजून देत होते. सिबाने डायनाबोल 1980 च्या दशकातच अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं. जिमच्या कपाटातल्या तुझ्या पट्टीत 10 मिलिग्रॅम आहे, 25 आहे की भलतंच काही, हे सरांनाही ठाऊक नसतं. आणि ही गोळी यकृतात लवकर मोडू नये अशीच बनवलेली असल्यामुळे यकृतावर भार येतो. चांगलं कोलेस्टेरॉल तर काही आठवड्यांतच खाली येतं. त्या काळातल्या लोकांना ‘काही झालं नाही’ असं म्हणताना आपण फक्त फोटो बघत असतो. फोटोत हृदयाची जाड झालेली भिंत दिसत नाही.

आता तुझा आकडा मांडू. चरबी वगळून उरलेलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, याला एफएफएमआय म्हणतात. गोळ्यांआधी तुझी चरबी 15 टक्के धरली तर 59.5 किलो उरतात आणि आकडा येतो साधारण 20. औषधाविना जवळपास 25 ही वरची हद्द मानतात. स्टिरॉइड्स सर्रास होण्याआधीच्या, 1939 ते 1959 मधल्या मिस्टर अमेरिका विजेत्यांची सरासरी 25.4 निघाली होती. स्पर्धेतला झेन, 175 सेंमी, 84 किलो, चरबी 5 टक्के धरली तर 26. तुझ्या उंचीला 26 म्हणजे आणखी 18 किलो निव्वळ मांस. ते सोड. पण 22.3 तुझ्या आवाक्यात आहे : 75 किलो वजन, चरबी 11 टक्के. अरुंद कंबरेवर एवढं मांस शर्टातूनही कळतं. त्याला तीन-चार वर्षं दे.

दीड वर्षात वजन का हललं नाही? तू पत्रात जेवणाबद्दल एक ओळही लिहिली नाहीस, आणि माझा संशय तिथेच आहे. तुला रोज 110 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. चार अंडी 24, अर्धा लिटर दूध 16, 50 ग्रॅम सोया चंक्स 26, दोन वाट्या घट्ट वरण 13, मूठभर शेंगदाणे 8, वाटीभर दही 7, आणि सहा चपात्यांचे 18. झाले 112. डबा आईच करते, म्हणजे हे तिच्याशी बोलल्याशिवाय जमणारच नाही. वजन हळूहळूच वाढावं, महिन्याला फार तर एक किलो. त्याहून जास्त वाढलं तर ती चरबी.

आर्नोल्डचा आठवड्यातल्या सहा दिवसांचा, प्रत्येक भागाला वीस-वीस सेटचा कार्यक्रम उचलू नकोस. एवढी झीज भरून काढायला तुझ्याकडे त्यांचं औषध नाही आणि त्यांची झोपही नाही. आठवड्यातून चार दिवस पुरे : दोन दिवस वरचं अंग, दोन दिवस खालचं, प्रत्येक स्नायूला आठवड्याला 10 ते 14 सेट. त्या काळाचा आकार हवा असेल तर इनक्लाइन प्रेस, पुलअप्स आणि खांद्याच्या बाजूचे लॅटरल रेज यांना सगळ्यात आधी जागा दे. खांदे आणि पाठ रुंदावली की कंबर आपोआप बारीक दिसते. वही ठेव. तिन्ही सेटला 12 रेप्स झाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो वाढव आणि पुन्हा 8 पासून सुरू कर. वहीत तीन महिने तेच आकडे दिसले, तर तू व्यायाम करत नाहीस, नुसता घाम गाळतोयस.

झेनची पोट आत ओढण्याची पोझ, व्हॅक्यूम, मात्र नक्की शीक. सकाळी रिकाम्या पोटी, हात गुडघ्यांवर, सगळा श्वास सोडून बेंबी बरगड्यांखाली ओढायची, 15 सेकंद, चार-पाच वेळा. हाडं अरुंद होत नाहीत, पण पोटावर ताबा येतो. रक्तदाब तपासून झाल्यावरच सुरू कर.

सरांना एवढंच सांग : ‘गाठ आलीय, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय.’ वाद घालू नकोस. तरी पाठ सोडली नाही, किंवा ‘दम टिकायला’ म्हणून मेफेंटरमिनचं इंजेक्शन पुढे केलं, तर ती जिम सोड. त्या इंजेक्शनने रक्तदाब आणि ठोके एकदम चढतात.

आईला पैशांचं तपासणीला जाण्याआधीच सांग. ती चिडेल. पण गाठीचं तिला रिपोर्टच्या कागदावरून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. महिन्याला 1,000 ठरवून सहा महिन्यांत भिशी भरून दे. तपासण्या तीन महिन्यांनी पुन्हा करायच्या आहेत. तोवर गाठ वाढली, दुसऱ्या बाजूलाही लागली किंवा निपलमधून काही पाझरलं, तर त्याआधीच दाखव. पट्टीत उरलेल्या गोळ्या डॉक्टरांकडेच सोडून ये, मित्राला देऊ नकोस.