दुसरा गाळा घेण्याआधी

अगं, तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. सेक्टरात सिडकोच्या जुन्या बिल्डिंगा पाडून टॉवर सुरू झालेत, साईटवर एकदम बिहार-झारखंडची पोरं उतरलीत, तुझे डबे सातलाच संपतात आणि म्हणून दुसरा गाळा घ्यायचाय. धंदा चाललाय ते बघून बरं वाटलं, पण टोकन देऊ नकोस अजून.

एकदम माणसं आली की आधी भाडं वाढतं, गल्ला नंतर. वाशीच्या जुहूगावात, तुर्भे स्टोअरच्या वस्तीत खोलीवाल्यांना बातमी आपल्याआधी लागते, एका खोलीत सहा जण राहणार म्हटल्यावर खोलीचा रेट चढतो आणि त्याकडे बघून गाळेवालाही आकडा वाढवतो. (हेच लोक संध्याकाळी नाक्यावर ‘बाहेरच्यांनी वाट लावली’ म्हणत बसतात, भाडं मात्र एक तारखेला पाहिजे.) पोरांचा पगार कधी, तर ठेकेदार देईल तेव्हा, तोवर ती तुझ्याकडे वहीवर जेवणार आणि पैसे हातात आले की मोठा भाग गावाला जाणार. म्हणून मनी ट्रान्सफर-रिचार्जवाला पहिल्या दिवसापासून कमावतो, सातू आणि मोहरीचं तेल ठेवणारा किराणावाला पण, मेसवाल्याची मात्र उधारी वाढत जाते. तू वही पोरांच्या नावाने लिहू नकोस, मुकादमाशी बोल, आठवड्याला हिशोब.

आणि तुझे जुने कस्टमर कुठे गेले बघितलंस का? त्या बिल्डिंगांमधली कुटुंबं भाड्याने दुसरीकडे गेली, म्हणजे गिरणी, इस्त्री, दूध, शिकवणी यांचा धंदा बसलाच. साईटवरची माणसंसुद्धा तीच राहत नाहीत, आधी सेंटरिंग-सळईवाले, मग प्लास्टर-टाईल्सवाले, शेवटी रंगारी, कोणाला भात जास्त लागतो कोणाला रोटी, आणि संख्या शेवटी शेवटी कमीच होत जाते. मग टॉवर तयार, पण ओसी (राहायला जायचा दाखला) नाही, कामगार गेलेले, राहायला कोणी आलेलं नाही. ते मधले महिने सगळ्यात वाईट. त्यानंतर लोक आले तरी पहिले ग्रिलवाला, जाळीवाला, पडदेवाला कमावणार, पोळीभाजीचा नंबर घर लागल्यावर.

जाणं किती एकदम असू शकतं ते २०२०ला बघितलंच आपण. २४ मार्चला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला, श्रमिक ट्रेन १ मेपासून, तोवर कितीतरी जण नाशिक हायवेने कसाऱ्याकडे चालत निघाले होते. मे मध्ये वाशीचं एपीएमसी मार्केट आठवडाभर बंद होतं, माथाडी कामगारांतले पण बरेच सातारा-सांगलीकडे गेले. नंतर टीटीसीतल्या (आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीतल्या) कंपन्यांना परवानगी मिळाली तरी कारागीर नव्हते, मग कंपनी अर्धीच चालणार आणि बाहेरची टपरी, मेस, टेम्पोवाला बसून. ज्यांचं गिऱ्हाईक आसपासच्या घरांतलं होतं ते कसेबसे तरले, जे फक्त कंपनीच्या गेटवरच्या गिऱ्हाइकावर अवलंबून होते त्यांच्या गाळ्याचं भाडं चालूच राहिलं.

तर गाळा नको असं नाही म्हणत. आहे त्याच किचनमध्ये एक बाई वाढव, डबे साईटवर पोचवायला सायकलवाला ठेव, आणि ठेकेदाराला सरळ विचार की स्लॅबचं काम किती महिने आहे. गाळा घेतलासच तर लॉक-इन (ज्या मुदतीआधी गाळा सोडता येत नाही ती) सहा महिन्यांच्या वर नको, मोठी भट्टी सेकंडहँड बघ, आणि तुझ्या घरगुती डब्यांची भाजी त्या पोरांसाठी तिखट करू नकोस, ते कस्टमर तुटले तर परत येत नाहीत. अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट आला की मला पाठव, डिपॉझिट आणि लॉक-इनचं पान आधी.