सुई न टोचता हिरडीची जाडी मोजता येते का?

ब्रेसेसआधी डॉक्टर म्हणाले, 'हिरडी पातळ आहे का बघू', म्हणून तुम्ही घाबरलात. घाबरू नका, त्यासाठी सुई लागतेच असं नाही. (भूल देऊन सुई टोचून मोजतात, पण तो एकच मार्ग नाही.)

कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात मी आधी प्रोबच हातात घेते. खुणा असलेली ही बारीक सळई दात आणि हिरडीमधल्या खाचेत अलगद सरकवायची आणि समोरून बघायचं. सळईची करडी सावली हिरडीतून दिसली तर हिरडी पातळ, ढोबळमानाने १ मिमीच्या आत. नाही दिसली तर जाड. अर्ध्या मिनिटाचं काम. हिरडी सावळी असेल तर मात्र नजर फसू शकते, आणि नेमका आकडा यातून मिळतच नाही.

आकडा हवा असेल तर अल्ट्रासाऊंड. किरणोत्सर्ग नाही, दुखत नाही. फक्त मागच्या दाढांपर्यंत अल्ट्रासाऊंडचा प्रोब पोचवताना कसरत होते. सीबीसीटी स्कॅनमध्येही (म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) हिरडी मोजता येते, पण ओठ-गाल हिरडीपासून दूर धरूनच स्कॅन घ्यायचा. ओठ टेकलेला असला की चित्रात दोन्ही एकजीव होतात, मग काय मोजणार? आणि तेवढ्यासाठी सीबीसीटी काढू नका; हाडासाठी काढणारच असाल तर हिरडीही मोजायची आहे हे आधीच सांगून ठेवा.

खालचे पुढचे दात बाहेर ढकलायचे असतील तर ही तपासणी आवर्जून करून घ्या. पातळ हिरडी तिथेच खाली सरकते आणि मुळं उघडी पडतात.